नागसेन किती होऊन गेले?

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. वरणगावच्या एका विहारात ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथावर दोन दिवस बोलण्यासाठी मी गेलो होतो. भुसावळच्या पूर्वेला, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले हे गाव १९६४ पासून आयुध निर्माणीचे गाव म्हणून ओळखले जाते. निर्माणीत किंवा भुसावळच्या रेल्वेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले उपासक, त्यांच्या सुना-लेकी आणि शाळकरी मुले असा श्रोतृवर्ग होता. माझ्या आधी एका वक्त्यांनी भदन्त नागसेनांचा परिचय करून दिला. नागसेन नागवंशात जन्मले. त्यांचे नाव सम्राट अशोकाच्या स्तंभावर कोरलेले आहे. त्यांनी ग्रीक राजा मिलिंद याला वादात जिंकले आणि त्या राजाने आपल्या नाण्यांवर ‘धार्मिक’ ही पदवी कोरली. पुढे त्यांनी पाचूची जगप्रसिद्ध बुद्धमूर्ती घडविली आणि अखेरीस समुद्रमार्गे चीनच्या सम्राटाकडे जाऊन आले, असे ते चरित्र होते. वक्ते अभ्यासू होते. बहुतेक घटनांचे सनही त्यांनी सांगितले.

कार्यक्रम संपल्यावर दहावीत शिकणारा एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. त्याने ते सगळे सन उतरवून घेतले होते. “सर, पहिला सन इसवी सनापूर्वी दीडशेच्या आसपासचा आहे आणि चीनचा ४८४ चा आहे. मग नागसेन सहाशे वर्षं जगले का?” भोवतीचे लोक हसले. मुलगा हसला नाही. त्याचे स्वतःचे नाव नागसेन होते, आणि त्या दिवशी विहारात त्या नावाचे आणखी दोघे होते.

वक्त्यांनी पदरचे काहीच सांगितले नव्हते. त्यांच्या प्रत्येक विधानाला कोठे ना कोठे आधार आहे. मात्र ते आधार एका माणसाचे नाहीत. नाव एक, माणसे अनेक, आणि काळाच्या ओघात त्यांचे एकच चरित्र शिवले गेले, असा हा प्रकार आहे. त्या मुलाला उभ्या-उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे जरा सविस्तर देतो.

प्रथम नावाविषयी थोडे. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतील नावे ज्यांनी शाळेच्या जुन्या पटावर पाहिली असतील त्यांना धोंड्या, दगड्या, कचऱ्या, भिक्या ही मालिका आठवेल. अपत्ये जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून असे नाव ठेवण्याची चाल इतर जातींतही होती, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. परंतु इतरांचा धोंडू मोठेपणी धोंडोपंत होई आणि आमचा धोंड्या मरेपर्यंत धोंड्याच राही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन, सुजाता, विशाखा ही नावे आली ती या पार्श्वभूमीवर. नागसेन हे नाव तर त्याच्याही आधी आपल्या परिसरात रुजले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे ते मिलिंद महाविद्यालय झाले आणि तो सारा परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव वनाला, ही बाबासाहेबांची योजना मला नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आली आहे. खानदेशातून तेथे शिकायला गेलेल्या कित्येकांनी परत येऊन आपल्या मुलांची नावे नागसेन ठेवली. तेव्हा या नावामागचा माणूस कोण, ही चौकशी आपल्यासाठी केवळ ग्रंथालयातली नाही.

ज्यांच्यावरून हे नाव आले ते मिलिंदपञ्हातील स्थविर नागसेन. पाली ग्रंथानुसार त्यांचा जन्म हिमालयाच्या पायथ्याशी कजंगल नावाच्या गावात, सोणुत्तर नावाच्या ब्राह्मणाच्या घरी झाला. रोहण नावाचे स्थविर सात वर्षे दहा महिने त्या घरी भिक्षेसाठी येत राहिले आणि त्यांच्या मागे हा मुलगा संघात गेला. रोहणांकडे त्याने अभिधम्म शिकला. नंतर वत्तनिय येथे अस्सगुत्त स्थविरांच्या सहवासात, एका वृद्ध उपासिकेला उपदेश करीत असतानाच, तो स्रोतापन्न झाला. मग एका व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर तो पाटलिपुत्राला गेला आणि तेथील अशोकारामात धम्मरक्खित स्थविरांकडून तीन महिन्यांत त्रिपिटकाचा पाठ आणि आणखी तीन महिन्यांत त्याचा अर्थ त्याने ग्रहण केला. हे धम्मरक्खित वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे. सागल नगरीतील संखेय्य परिवेणात मिलिंद राजाशी त्यांची गाठ पडते ती यानंतर.

आणि तेथे पहिला प्रश्न कोणता येतो? नावाचाच. राजा विचारतो, आपणास कोणत्या नावाने ओळखतात? स्थविर आपले नाव सांगतात आणि लगेच म्हणतात की आई-वडील नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी काहीही नावे ठेवतात. ती संज्ञा आहे, प्रज्ञप्ती आहे, व्यवहार आहे. त्या नावाखाली कायम असा कोणी पुद्गल सापडत नाही. राजाच्या रथाचा प्रसिद्ध दृष्टान्त यानंतर येतो. अनात्मवादाची ही मांडणी आपल्या वाचकांना परिचित आहे. ती येथे पुन्हा उलगडत नाही. परंतु ज्या ग्रंथाचा आरंभच नाव म्हणजे माणूस नव्हे या मुद्द्याने होतो, त्याच ग्रंथाच्या नायकाला केवळ नावाच्या आधारे सहाशे वर्षे जगवावे, यातील गंमत त्या स्थविरांनाही कळली असती.

या नागसेनांविषयी आणखी एक साक्ष चीनमध्ये आहे. पूर्व चिन राजवटीच्या काळात, म्हणजे इ. स. ३१७ ते ४२० च्या दरम्यान, या संवादाचे चिनी भाषांतर झाले. ते आज दोन पाठांत उपलब्ध आहे. त्यात पाली ग्रंथाचा आरंभीचा भागच येतो. त्यामुळे पुढचे भाग नंतर वाढविले गेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की चिनी पाठात नागसेनांचे जन्मस्थान कजंगल नसून काश्मीरकडचा प्रदेश आहे, आणि नावाची कथाही वेगळी आहे. ज्या दिवशी मूल जन्मले त्याच दिवशी घरी हत्तीचे पिलू जन्मले, म्हणून मुलाचे नाव नागावरून ठेवले, असे तेथे सांगितले आहे. पालीत ‘नाग’ शब्दाचे सर्प, हत्ती आणि श्रेष्ठ पुरुष हे तिन्ही अर्थ रूढ आहेत. भगवंतांनाही नाग म्हटलेले आढळते.

येथे एक अप्रिय वाटेल अशी गोष्ट सांगणे भाग आहे. नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला हे बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात सांगितले, आणि नागांच्या इतिहासाचा शोध त्यांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात स्वतंत्रपणे घेतला आहे. तो प्रश्न मोठा आहे. परंतु त्यातून, ज्याच्या नावात नाग तो नागवंशी, असा नियम निघत नाही. स्थविर नागसेनांना पाली परंपरा ब्राह्मणाचा मुलगा म्हणते, चिनी परंपरा हत्तीची कथा सांगते. नागवंशाचा उल्लेख दोन्हींत नाही. मग वक्त्यांनी तो कोठून आणला? दुसऱ्या एका नागसेनाकडून.

हा दुसरा नागसेन राजा होता. अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, किल्ल्यातील स्तंभावर अशोकाचे लेख आहेत. कौशाम्बीच्या महामात्रांना उद्देशून संघभेदाविरुद्ध काढलेला आदेशही त्यावर आहे. त्याच स्तंभावर सुमारे सहाशे वर्षांनंतर, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, हरिषेणाने रचलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती कोरण्यात आली. समुद्रगुप्ताने आर्यावर्तातील ज्या राजांचा समूळ उच्छेद केला त्यांच्या यादीत रुद्रदेव, मतिल, नागदत्त, गणपतिनाग यांच्याबरोबर नागसेनाचे नाव येते. म्हणजे अशोकस्तंभावर नागसेनाचे नाव आहे हे विधान खरे. पण तो अशोकाचा लेख नव्हे आणि तो आपला नागसेन नव्हे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात अपघाताने किंवा फसवणुकीने नष्ट झालेल्या राजांची एक मालिकाच दिली आहे. त्यात पद्मावतीच्या नागकुळातला नागसेन येतो. त्याचे गुपित एका सारिकेने फोडले आणि त्याचा नाश झाला, असे बाण सांगतो. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया. प्रशस्तीतील आणि हर्षचरितातील नागसेन एकच असावा असे बहुसंख्य इतिहासकार मानतात, आणि ते पटण्याजोगे आहे. कारण नावाखेरीज कुळ व प्रदेश यांचाही मेळ बसतो. या नागसेनाला नागवंशी म्हणण्यास काहीच हरकत नाही. परंतु तो मिलिंदाच्या भेटीनंतर निदान साडेचारशे वर्षांनी झाला.

तिसरा नागसेन माझा आवडता आहे, आणि आपल्याकडे त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या कंबोडिया व दक्षिण व्हिएतनामच्या भागात फूनान नावाचे राज्य होते. तेथील कौण्डिण्य घराण्यातील राजा जयवर्मा याने व्यापारी माल देऊन काही लोकांना दक्षिण चीनच्या बंदरात पाठविले. परतीच्या गलबतावर नागसेन नावाचा एक भारतीय भिक्खू होता. त्याला मायदेशी जायचे होते. वाऱ्याने गलबत चम्पा राज्याच्या किनाऱ्याला लागले. तेथील लोकांनी राजाचा माल लुटलाच, शिवाय या भिक्खूचे किडुकमिडुकही घेतले. तो आडवाटेने कसाबसा फूनानला पोचला. मग ४८४ साली जयवर्म्याने याच नागसेनाला आपला दूत करून दक्षिण छी राजवटीच्या सम्राटाकडे धाडले. बरोबर सोन्याचे नागराजाचे आसन, श्वेतचंदनाचा हत्ती, हस्तिदंताचे दोन स्तूप, काचेची भांडी आणि कासवाच्या पाठीचे तांबूलपात्र अशा भेटी होत्या, आणि चम्पाविरुद्ध सैन्य पाठवा अशी विनंती होती. सम्राटाने स्तुती केली, भेटी स्वीकारल्या, सैन्य पाठविले नाही. चिनी राजवंशाच्या इतिहासात हे सगळे नोंदलेले आहे. त्या दरबारात नागसेनाने फूनानच्या रीतिरिवाजांचे वर्णन केले आणि तेथील डोंगरावरील महेश्वराच्या उपासनेविषयीही सांगितले. राजाचा दूत म्हणून गेलेल्या भिक्खूला कोणकोणत्या देवांची वकिली करावी लागते, हे त्यावरून दिसते. या माणसाने कोणाला वादात जिंकले नाही. घरी जायला निघालेला हा भिक्खू पुन्हा उलट दिशेने चीनला गेला. तो कधी भारतात परतला की नाही, याचा वृत्तान्त तेथे नाही.

उरले अर्हत् नागसेन आणि पाचूची मूर्ती. श्रमण ह्युएन-त्संग यांनी ६५४ साली नन्दिमित्राच्या नावावरील एका छोट्या ग्रंथाचे भाषांतर केले. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर धम्माचे रक्षण करीत राहिलेल्या सोळा अर्हतांची नावे त्यात आहेत. बारावे नाव नागसेनांचे. ते बाराशे अर्हतांसह पांडव पर्वतावर राहतात. चिनी चित्रकारांनी त्यांना कान कोरीत बसलेले दाखविले आहे. बँकॉकच्या राजवाड्यातील मंदिरात १७८४ पासून असलेली हिरवी बुद्धमूर्ती पाटलिपुत्रात नागसेन स्थविरांनी करविली, ही आख्यायिका उत्तर थायलंडच्या परंपरेत आहे. मूर्ती पाचूची म्हणतात, पण दगड पाचू नाही, आणि ती त्या काळच्या पाटलिपुत्रात घडली असे मानायला कलेतिहासात आधार नाही. हे दोन नागसेन वेगळी माणसे म्हणून मोजावेत असे मला वाटत नाही. मिलिंदाला उत्तरे देणारे नागसेन इतके प्रसिद्ध झाले की जेथे एखाद्या आदरणीय स्थविराचे नाव हवे होते तेथे लोकांनी त्यांचे नाव ठेवले. वरणगावात घडले तेही याहून फार वेगळे नाही.

मिलिंदाच्या बाबतीतही हाच घोटाळा आहे, आणि त्याची झळ आपल्या एका लाडक्या पुराव्याला बसते. मिनान्दर राजाच्या नाण्यांवर ‘धार्मिक’ अशी पदवी आहे, म्हणून तो बौद्ध झाला, हे आपण अनेक पुस्तकांत वाचले आहे. परंतु मिनान्दर नावाचे दोन राजे मानावे लागतात. पहिला इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावरचा. त्याची नाणी विपुल असून त्यांवर ‘त्राता’ ही पदवी आहे. दुसरा बहुधा इ. स. पूर्व पहिल्या शतकातला; ‘धार्मिक’ ही प्राकृत पदवी त्याच्या नाण्यांवर आहे, असे आज बहुतेक नाणकशास्त्रज्ञ मानतात. शिवाय तो शब्द न्यायी या अर्थाच्या ग्रीक पदवीचा अनुवाद आहे आणि आर्खेबिओससारख्या अन्य ग्रीक राजांनीही तो वापरला आहे. मग पहिल्या मिनान्दराच्या धम्माशी असलेल्या संबंधाचे काय? त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. बाजौर भागात मिळालेल्या अस्थिकरंडकावर महाराज मिनान्दराचा उल्लेख आहे. आणि प्लूटार्क हा ग्रीक लेखक सांगतो की त्याच्या मृत्यूनंतर नगरांनी त्याची रक्षा वाटून घेतली व तिच्यावर स्मारके बांधली. एवढे पुरावे पुरेसे बोलके आहेत. ‘धार्मिक’ नाणे बाजूला ठेवले म्हणून आपले काही जात नाही. ते पुढे केले आणि समोरच्याने दुसरा मिनान्दर दाखविला, तर मात्र खरे पुरावेही संशयात जातात.

आता धम्मरक्खितांकडे येऊ. महाराष्ट्राचा खरा प्रश्न तेथे आहे. महावंसाच्या बाराव्या परिच्छेदानुसार तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी निरनिराळ्या देशांत धम्मप्रचारक पाठविले. अपरान्तकात योनक धम्मरक्खित आले. महारट्ठात महाधम्मरक्खित आले. त्यांनी महानारदकस्सप जातक सांगितले आणि तेरा हजार लोकांनी प्रव्रज्या घेतली, असे महावंस म्हणतो. (आकडे महावंसाचे आहेत, ते जनगणनेसारखे वाचू नयेत.) आपल्या व्याख्यानांतून ‘महाराष्ट्रात धम्म आणणारे ग्रीक भिक्खू’ असा उल्लेख वारंवार येतो. नीट पाहिले तर योनक, म्हणजे ग्रीक, हे विशेषण त्या यादीत अपरान्तकाच्या धम्मरक्खितांना आहे. महाराष्ट्राच्या महाधम्मरक्खितांना ते लावलेले नाही. येथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. परंतु त्याच महावंसाच्या पाचव्या परिच्छेदात अशोकाचा भाऊ तिस्स शिकारीला गेला असता त्याला एक स्थविर दिसतात. एक हत्ती शालवृक्षाची फांदी हलवून त्यांना वारा घालीत असतो. त्या स्थविरांचे नाव योनक महाधम्मरक्खित. तिस्साने पुढे त्यांच्याकडेच प्रव्रज्या घेतली. हे आणि महाराष्ट्रात आलेले महाधम्मरक्खित एक की दोन? काळ जुळतो, ‘महा’ हा उपसर्ग जुळतो, योनकत्व एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. अपरान्तकातल्या योनक स्थविरांपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून येथे ‘महा’ लावून ‘योनक’ गाळले असेल, असाही तर्क करता येतो. मला तो आकर्षक वाटतो. सिद्ध झालेला मी मानत नाही.

पुढे एकोणतिसाव्या परिच्छेदात लंकेतील महास्तूपाच्या पायाभरणीला अलसन्दाहून तीस हजार भिक्खूंसह योनक महाधम्मरक्खित आले, अशी नोंद आहे. हा दुट्ठगामणी राजाचा काळ. अशोकानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता; तेव्हा हे स्थविर निश्चितपणे वेगळे. पाटलिपुत्रात नागसेनांना त्रिपिटक शिकविणारे धम्मरक्खितही अशोककालीन असू शकत नाहीत, कारण त्यांचा शिष्य मिलिंदाशी बोलतो. म्हणजे सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अवधीत या नावाचे कमीत कमी चार स्थविर आपल्याला मानावे लागतात. ‘धर्माने रक्षिलेला’ हे नाव संघात इतके साधे होते, जितके आज आपल्या वस्तीत आनंद किंवा सिद्धार्थ असेल. महाराष्ट्रातील लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नोंद आहे. कार्ल्याला धेनुकाकटाचा धम्म नावाचा यवन आहे, जुन्नरला इरिल, चिट आणि चंद आहेत, नाशिकला उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त आहे. हे सगळे एका ग्रीक भिक्खूच्या प्रचाराचे फळ, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हे लेख अशोकानंतरच्या शतकांतले आहेत आणि त्या वेळी येथला संघ चांगला स्थिरावला होता.

मग आपल्या पूर्वजांना हा घोटाळा जाणवत नव्हता काय? चांगलाच जाणवत होता. भारहुतच्या कठड्यावर बुधरखित नावाच्या दात्यांचे लेख आहेत. एकाने आपल्या नावापुढे रूपकारक, म्हणजे मूर्तिकार, असे लिहविले. दुसऱ्याने पंचनेकायिक, म्हणजे पाचही निकाय जाणणारा, असे. सातवाहन राजांत सातकर्णी इतके झाले की गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईची ओळख सांगितल्याशिवाय कोणता सातकर्णी ते कळत नाही. अर्थात आईचे नावही एकमेवाद्वितीय नसते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील दाता वासिष्ठीपुत्र कटहादि आहे. त्या विशेषणावरून कोणी त्याला पुळुमावीच्या काळात आणील, पण त्याच्या लेखाची अक्षरे बरीच जुनी आहेत. (१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, तेव्हा कित्येकांना ती नवलाई वाटली. नाशिकच्या लेण्यांत ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.)

संघात आईच्या नावापेक्षाही गुरूचे नाव निर्णायक ठरते. सांचीच्या दुसऱ्या स्तूपात आणि जवळच्या अंधेर येथे सापडलेल्या अस्थिकरंडकांवर मोगलिपुत या सत्पुरुषाचे नाव आहे. कनिंगहॅम यांनी ते तिसऱ्या संगीतीचे अध्यक्ष मोग्गलिपुत्त तिस्स असे ठरविले, आणि आपल्याकडील बहुतेक पुस्तकांत तेच येते. पण अंधेरच्या करंडकावर तो गोतिपुताचा अन्तेवासी असल्याचे कोरलेले आहे. महावंसातील मोग्गलिपुत्त तिस्सांचे गुरू सिग्गव होते. एवढ्या एका शब्दामुळे तो करंडक दुसऱ्याच एका मोग्गलिपुत्ताचा असावा, असे मानण्याकडे मी झुकलो आहे. याच्या उलटही घडते. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील भिक्खू बुद्धभद्राच्या लेखात लेणे खोदविणाऱ्या अचल स्थविरांचा उल्लेख आहे, आणि महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरातला विहार याच नावाच्या अर्हताने बांधविला असे ह्युएन-त्संग सांगतात. येथे नाव, स्थळ आणि कार्य तिन्ही जुळतात. हे दोन अचल एकच आहेत. पण त्याच लेखातला बुद्धभद्र आणि ४२९ साली चीनमध्ये निवर्तलेला भाषांतरकार बुद्धभद्र यांना कोणी एक करू लागला, तर त्याला थांबवावे लागेल.

मलालसेकर यांच्या पाली विशेषनामांच्या कोशात (१९३७-३८) तिस्स हे नाव उघडून पाहावे. एकामागून एक क्रमांक देत डझनावारी तिस्स तेथे येतात. महानामाचेही तसेच: पंचवर्गीयांतला एक, अनुरुद्धाचा भाऊ शाक्य महानाम, महावंस रचणारे स्थविर. बोधगयेला गुप्त संवत २६९ चा, म्हणजे इ. स. ५८८-८९ चा, लेख कोरविणाऱ्या महानामाला महावंसकार ठरविण्याचा मोह तर भल्याभल्या विद्वानांना झाला.

हा कोश मी दुसऱ्या दिवशी विहारात नेला होता. क्रमांकांची ती पाने पाहून निर्माणीतून निवृत्त झालेले एक बाबा म्हणाले, “आमच्या सेक्शनमध्ये एकाच नावा-आडनावाचे चार जण होते. हाक मारली की चौघं वळायचे. म्हणून टोकन नंबर सांगायचा. हे पुस्तक म्हणजे भिक्खूंचे टोकन नंबर आहेत, म्हणा ना!” इतकी नेमकी व्याख्या मी वर्गात कधी केली नव्हती.

त्या मुलासाठी मी वहीच्या पानावर तीन रकाने आखून दिले: नाव, गुरू किंवा आई-वडील, स्थळ व काळ. स्थविर नागसेन, राजा नागसेन, दूत नागसेन असे तीन वेगळे आडवे रकाने त्याने स्वतः भरले. अर्हत् नागसेनांपाशी तो अडला आणि ती जागा त्याने पेन्सिलीने भरली. मग त्याने धम्मरक्खितांसाठी नवे पान घेतले. निघताना त्याने विचारले, “सर, आपल्याकडे आलेले महाधम्मरक्खित यवन होते की नव्हते, हे लेण्यांतल्या एखाद्या लेखात सापडेल का?” आजवर वाचल्या गेलेल्या लेखांत ते नाही, असे मी सांगितले. अजिंठा तेथून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे आणि चाळीसगावच्या पलीकडे पितळखोरा आहे. हिवाळ्यात विहाराची मुले पितळखोऱ्याला नेण्याचे ठरले आहे. तेथील एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या सोनाराचे नाव कोरलेले आहे: कान्हदास.